घरटी एक

आमच्या घराण्यात कुणाचं पोट दुखत नाही. आमच्याकडं पित्त होतं. भूक मेली तर पित्त, उलटी झाली तर पित्त, अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागले तरी पित्तच. द्वारकाआत्याचं पित्त वर्षभर चाललं. अद्रकाचा रस झाला, खायचा सोडा झाला, कुणी सांगितलं म्हणून थंड दूध झालं. शेवटी तिला संभाजीनगरला आणून दुर्बिणीनं तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जठराचा कॅन्सर, आणि तो पार यकृतापर्यंत पोचलेला. आत्या गेली. तिच्या तेराव्याच्या पंगतीत एक पाहुणे ढेकर देऊन म्हणाले, "पित्तच लई होतं बाईला." माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी त्यांच्या डोक्यावर उपडी केली नाही, यातच माझा सगळा संयम खर्च झाला.

तेव्हापासून माझ्याकडं संयम शिल्लक नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं नाव तनुजा. संभाजीनगरातच चिकलठाण्याच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हा माझा धंदा, त्यामुळं घरात मला सगळे कटकटी म्हणतात. माझे वडील रामकिसन, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्याच भागातल्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आता आईबरोबर मुकुंदवाडीत राहतात, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्यांचे धाकटे भाऊ सांडूकाका गावी, पिशोरला शेती बघतात. द्वारकाआत्या या दोघांची सख्खी बहीण. म्हणजे आत्याच्या पोटात जे उगवलं ते या दोघांच्याही पोटात उगवू शकतं. ही गोष्ट कळायला फार अक्कल लागत नाही, असा माझा समज होता.

आत्याला बघणाऱ्या डॉक्टर सावनींनी मला तेच सांगितलं होतं. त्यांच्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. नुसत्या रक्तावरून जठराची हालत कळते का, हे त्या पडताळून बघत होत्या. "जठराच्या आतल्या अस्तरातून काही प्रथिनं रक्तात उतरतात," त्या म्हणाल्या. "अस्तर झिजलं की ती कमी होतात. सोबत जठरातल्या जंतूची खूण मिळते, आणखी दोनचार खुणा आम्ही नव्यानं तपासतोय. रक्त कॅन्सर सांगत नाही. कुणाच्या पोटात आधी डोकावायला हवं ते सांगतं. आत्या वर्षभर आधी आल्या असत्या तर..." मग म्हणाल्या, "दोन्ही भावांना आणा."

दोन्ही भावांना. हे दोन शब्द मी त्यानंतर किती वेळा उच्चारले याची गिनती नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

"मला काय धाड भरलीय?" आप्पा म्हणाले.

"आत्यालाही काही झालं नव्हतं, आप्पा."

"तिला पित्त व्हतं."

मी हात टेकले आणि पिशोरला फोन लावला. काका म्हणाले, "अद्रक निघंस्तोवर जमत नाय माय. भाऊ चाललाय ना? मंग झालं की."

हे 'मंग झालं की' नीट समजून घ्यायला हवं. आमच्याकडं लग्नाचं आवतन दोन प्रकारचं असतं. एक चूलबंद, म्हणजे सगळ्या घरानं जेवायला यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. दुसरं घरटी एक. घरातला एक माणूस गेला की घर गेलं. आप्पा आणि काका यांच्या चुली वेगळ्या होऊन जमाना झाला, पण दोघांनी अख्खं आयुष्य घरटी एक या हिशोबानं काढलं. मयतीला एक गेला की दोघं गेले. सोसायटीच्या मीटिंगला एकानं मान हलवली की दोघांची हलली. माझी सुपारी फुटली त्या दिवशी आप्पांना कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, तर मुलीचा बाप म्हणून सांडूकाका पाटावर बसले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण नवऱ्या मुलीला विचारतं कोण?

शेवटी आईनं जेवण बंद करायची धमकी दिली तेव्हा आप्पा एकटे रक्ताला तयार झाले. निदान एक तरी, म्हणून मी गप्प बसले. सकाळी उपाशीपोटी यायचं होतं. मी त्यांना आदल्या रात्री बजावलं, आईनं बजावलं, सकाळी गाडीत बसताना पुन्हा बजावलं. नेमके त्या दिवशी काका पाण्याची जळालेली मोटार दुरुस्तीला टाकायची म्हणून शहरात आले होते. मला देव पावल्यासारखं झालं. मी म्हटलं, काका, आलाच आहात तर तुम्हीही देऊन टाका. तर म्हणे, "म्या नंतर येतो. आज भाऊला सोबत करतो." बरं, सोबत तर सोबत. दोघांना दवाखान्याच्या गेटवर उतरवलं, खिडकीवर आप्पांचं नाव नोंदवून दिलं आणि मी कंपनीत पळाले. दुपारी आप्पांचा फोन आला, "झालं तुझं रक्त." जणू माझंच काढलं होतं.

पुढं काही दिवसांनी डॉक्टर सावनींनी बोलावलं. आप्पांच्या नावाचा रिपोर्ट चांगला नव्हता. अस्तरातलं ते प्रथिन फारच खाली आलं होतं, जंतूची खूण होती, नव्या खुणांपैकीही दोन जागेवर नव्हत्या. "घाबरू नका, पण उशीर करू नका," त्या म्हणाल्या. "दुर्बीण करून आत बघायलाच हवं."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आत्याचं शेवटच्या पंधरवड्यातलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. मग डोळे पुसून मुकुंदवाडीला गेले, आणि तिथं हा माणूस ओट्यावर बसून शेंगा फोडत होता.

"नळी? घशातून?" आप्पांनी शेंगेचं टरफल माझ्याच दिशेनं टाकलं. "म्या नाय घालून घेत."

"रिपोर्ट वाईट आलाय, आप्पा!"

"सांडूला इचारतो."

"पोट तुमचं आहे! काकांना काय विचारायचंय?"

"इचारतो म्हणलं ना."

आठवडा असा गेला. मी ओरडले, पिशोरला फोन करून काकांच्या कानावर घातलं, आई रडली, आप्पा पेपर वाचत बसले. रोज रात्री जेवताना ते किती भाकरी खातात हे मी चोरून बघायचे. दोन खायचे, वर भात. कॅन्सर असलेला माणूस इतका कसा जेवतो हे मला कळेना, आणि नसेल असं म्हणायची हिंमत होईना. माझी झोप उडाली होती. कंपनीत मी एका चांगल्या मालाची अख्खी खेप नापास करून टाकली.

मग एका संध्याकाळी काकांचाच फोन आला. मी स्पीकरवर टाकला. काका एरवी मऊ बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"भाऊ, नळी घालून घे."

"आरं पण सांडू..."

"पण नाय अन् बिन नाय. द्वारकाबाईची आण हाय तुला. उद्याच्या उद्या जाय."

आप्पा फोनकडं बघून म्हणाले, "बरं." आम्ही सगळ्यांनी मिळून जे जमवलं नव्हतं ते काकांनी चार वाक्यांत केलं. घराण्यात निदान एक शहाणा माणूस आहे, असं मला वाटलं. मी काकांना फोनवर म्हटलंसुद्धा, तुमचे फार उपकार झाले. काका नुसते हं म्हणाले.

दुर्बीण झाली. मी बाहेर सगळे देव आळवून बसले होते. डॉक्टर सावनींनी आत बोलावलं. आप्पा घसा खाकरत खुर्चीत बसले होते आणि डॉक्टर पडद्यावरच्या चित्राकडं कपाळाला आठी घालून बघत होत्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. अस्तर उत्तम आहे. या वयात इतकं चांगलं जठर मी क्वचित बघते. पण रक्ताशी हे जुळत नाही. थोडाफार फरक असता तर समजू शकले असते. हे म्हणजे दोन टोकं झाली."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा कुठंतरी आत. पण वर आला तो संताप. इतक्या दिवसांची झोप, आईचं रडणं, पार्किंगमधलं ते रडणं, सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं. मी डॉक्टरांना म्हणाले, ही कसली तुमची तपासणी, आमच्या कंपनीत असलं यंत्र आलं असतं तर मी गेटवरून परत पाठवलं असतं, माणसांच्या जिवाशी खेळ लावलाय का? त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "चूक कुठं झाली ते शोधू. यांचं रक्त आज पुन्हा घेते."

आप्पांना त्यांची दया आली असावी. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "बाईला कशाला बोलती? त्यांची तपासणी नाय चुकली. ते रक्त सांडूचं व्हतं."

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवो, त्या दिशी गेटवर टपरीवाला गरम पोहे काढीत व्हता. म्या म्हणलं, पोहे म्हंजी काय जेवण नाय. खाल्ले. मंग सांडू म्हणला, भाऊ, उपाशीपोटी सांगितलंय. आता घरी जाऊन हिला सांगितलं असतं तर हिनं घर डोक्यावर घेतलं असतं. सांडूला चतुर्थी व्हती, त्यानं सकाळपसून च्या बी घेतला नव्हता. म्हणलं, बस तू. बाईनं नाव पुकारलं, तो बसला. एका मायच्या पोटचे आम्ही. रक्त काय येगळं असतंय व्हय?" आणि वर शांतपणे, "घरातून एक जण दिल्याशी मतलब."

मी भिंतीला टेकले.

डॉक्टर सावनी आधी हसल्या. मग त्यांचं हसू ओसरलं. "काका," त्या आप्पांना म्हणाल्या, "रक्त तुमचं एक असेल. पोटं दोन आहेत. ते दुसरं पोट कुठंय?"

तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तोवर त्यांच्या डोक्यात हे शिरलंच नव्हतं. रिपोर्टवर नाव त्यांचं होतं, म्हणून आजार त्यांचा. तो नाही निघाला, म्हणजे कुणालाच नाही. ते उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "फोन लाव त्याला. आत्ताच्या आत्ता लाव."

मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. काकांनी पहिल्या रिंगला उचलला, जणू हातातच धरून बसले होते.

"भाऊचं कसं निघालं?"

"स्वच्छ. काहीच नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं माय. लई बरं झालं."

"काका, ते रक्त तुमचं होतं."

"व्हय."

"व्हय काय? रिपोर्ट तुमचा आहे तो! कळतंय का तुम्हाला?"

"म्हाइत हाय मला," काका म्हणाले. "तुझा फोन आला, रिपोट वाईट हाय म्हणून, तवाच कळलं. दिवाळीपसून चार घास खाल्ले की पोट टम्म व्हतंय. भाकर वर येती. द्वारकाबाईचं असंच व्हतं."

"मग बोलला का नाहीत?" मी इतक्या मोठ्यानं किंचाळले की व्हरांड्यातले पेशंट वळून बघायला लागले.

"बोललो असतो तर मला नेलं असतं तुम्ही. भाऊनं मंग नळी घालून घेतली असती का? म्हणला असता, घरातून एक जण गेला ना, मंग झालं. तू वळखत नाय का त्याला? बहीण गेली. भाऊचं पोट बघून झाल्याबगर मला चैन नव्हती. त्याच्या नावाचा रिपोट वाईट हाय तर तेवढ्या भ्यानं तरी तो जाईल, म्हणून गप बसलो. आता झालं ना बघून? आता माझं काय व्हईल ते होऊ दे."

मला काकांचा राग आला. खराखुरा राग. पोटात भाकर ठरत नाही आणि हा माणूस थोरल्या भावाची तपासणी व्हावी म्हणून तोंड शिवून बसतो. एकानं पोह्यांसाठी फसवलं, दुसऱ्यानं मायेसाठी, आणि मधे माझं भरीत झालं. ओरडून सांगावं तरी कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"काका, ऐका," मी म्हणाले. "हे घरटी एक नाही. हे आवतन चूलबंद आहे. घरातलं एक माणूस सुटणार नाही. मी निघाले तुम्हाला न्यायला."

"पण अद्रक..."

"अद्रक गेलं खड्ड्यात!"

आप्पा गाडीत आधीच बसले होते. काका घराच्या पायरीवर धुतलेला सदरा घालून, पिशवी घेऊन तयार होते. मी त्यांना नीट बघितलं. गळ्याची हाडं वर आली होती, सदरा खांद्यावरून घसरत होता. ढगळ कपडे. आत्याच्या वेळी मी हेच बघितलं होतं आणि हेच मला दिसलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर कन्नड मागं पडल्यावर आप्पांनी तोंड उघडलं.

"नालायका. भावाशी लपवितो?"

"पोहे कुणी खाल्ले व्हते?" काका म्हणाले.

मग दोघंही खुसूखुसू हसायला लागले. मला गाडी बाजूला लावून दोघांना उतरवून द्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची दुर्बीण. या वेळी मी कुणावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत नव्हते. खिडकीवरच्या बाईंना सांगितलं, आधार कार्डावरचा फोटो बघा, मग तोंड बघा, मग पुन्हा फोटो बघा. त्या म्हणाल्या, "मॅडम, इतकं कुणी करतं का?" मी म्हटलं, आमच्याकडं करावं लागतं. मग दारातून हाक आली, "सांडू पुंजाराम," आणि आप्पा सवयीनं उभे राहिले.

"बसा खाली!" मी ओरडले.

ते बसले. काका आत गेले, दार लागलं. आप्पा त्या दाराकडं बघत राहिले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. मध्येच म्हणाले, "माझं निघायला पाहिजे व्हतं. म्या थोरला हाय."

डॉक्टर सावनी बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघंही एकदम उठलो. "अस्तर झिजलंय, रक्तानं सांगितलं तसंच," त्या म्हणाल्या. "त्यांचं पोट टम्म होतं ते त्या झिजेनं आणि जंतूनं, त्याला औषध आहे. पण एक डागही आहे. नखाएवढा. तुकडा तपासायला पाठवलाय, आणि तो चांगला निघेल असं मी म्हणणार नाही. पण दिसायला वरच्याच थरात आहे. तसंच ठरलं तर पोट न फाडता दुर्बिणीतूनच काढता येईल. आत्यांसारखं नाही हे. वेळेत आलात."

"वेळेत म्हंजी वाचल ना तो?" आप्पांनी विचारलं.

"मला तसं वाटतं, काका."

आप्पा मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मी त्यांना रडताना आत्याच्या वेळीही बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

तेवढ्यात आईचा फोन. "आप्पांना काही खाऊ घाल गं. काल रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायले नाहीत."

मी फोन ठेवला. "आप्पा, आज तपासणी तुमची होती का?"

"नाय."

"मग उपाशी कशाला?"

"असंच."

एका सकाळी एका प्लेटीपुढं ज्याला दम निघाला नाही, तो माणूस. मी ताडताड गेटवर गेले आणि त्याच टपरीवरून गरम पोहे आणले. "खा."

"सांडूला कवा खाता येईल?"

"तासाभरानं. घशाचा बधिरपणा गेला की."

"मंग ठिव तिथं."

मी ओरडले, विनवलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. काही उपयोग झाला नाही. प्लेट बाकावर तशीच राहिली, पोहे गार झाले, शेव मऊ पडली. तासाभरानं काका घसा चोळत बाहेर आले आणि भावाशेजारी बसले. आप्पांनी प्लेट दोघांच्या मधे ओढली. पहिला चमचा काकांच्या हातात दिला. काकांनी तो खाल्ला, सावकाश गिळला, आप्पा त्यांच्या गळ्याकडं बघत होते. मग आप्पांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"आम्ही दोघं आलो," ते म्हणाले, "अन् पोहे एकच व्हय?"

मी दुसरी प्लेट आणायला उठले.